एकच बरणी

धाकट्यानं कारखान्याच्या दारात बूट काढले, तेव्हाच नानांना कळलं.

सोफ्याच्या कारखान्यात कुणी बूट काढत नाही. जमिनीवर खिळे पडलेले असतात, स्टेपलच्या तुटक्या पिना असतात. नाना रोज लोहचुंबक फिरवायचे तरी काही ना काही राहायचंच. पण आई दवाखान्यात गेल्यापासून धाकट्याला तिच्या खोलीबाहेर बूट काढायची सवय लागली होती. त्या दुपारी तो तिथून निघाला, रस्ता ओलांडून आला आणि बापाच्या दारात त्यानं ते पुन्हा काढले. मोज्यांवरच आत आला. नाना दातांच्या डॉक्टरांच्या बाकाची गादी भरत होते. तोंडात खिळे होते. ते त्यांनी एकेक करून डबीत ठेवले.

"खाली बघून ये, लागेल," ते म्हणाले.

"नाना..." धाकटा म्हणाला.

"कळलं. बूट घाल आधी."

मग जे करायचं असतं ते सगळं झालं. माणसं आली आणि गेली. दातांच्या डॉक्टरांनी बाकाची घाई नाही असा निरोप पाठवला. नानांनी तो बाक दुसऱ्याच आठवड्यात पुरा केला, कारण घरी बसून करायचं काय हे त्यांना कळेना.

एक वाक्य मात्र त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. ते होतं हाडांच्या डॉक्टरांचं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी फिल्म उजेडावर धरून खुब्याचं मोडलेलं हाड दाखवलं होतं. "या पडल्या म्हणून हाड मोडलं नाही," ते म्हणाले होते. "हाड मोडलं म्हणून या पडल्या." खरंच तसं झालं होतं. ती स्वयंपाकघरात टेबलापाशी उभी होती. फोन वाजला, ती वळली, कटकन आवाज झाला आणि मग ती खाली गेली. ऑपरेशन चांगलं झालं. नंतर छातीत गुठळी अडकली.

ते वाक्य नानांना सलायचं, कारण बायकोचं म्हणणं याच्या बरोबर उलट होतं. तिची आणि तिच्या बहिणीची, दोघींची हाडं ठिसूळ झाली होती, आणि त्यासाठी दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं असे. मध्येच सोडू नका, सोडलंत तर हाडं आधीपेक्षा लवकर झिजतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इंजेक्शननंतर दोन दिवस अंग मोडून यायचं. मग गेल्या वर्षी थोरल्या मुलीच्या संशोधन संस्थेचा अभ्यास छापून आला, की ड जीवनसत्त्वाची मोठी गोळी घेणारी म्हातारी माणसं कमी पडतात. त्यासाठी नानांनी आणि दोघी बहिणींनीही दोन वर्षं गोळ्या घेतल्या होत्या. वर्तमानपत्रानंही ती बातमी मोठ्या अक्षरात दिली. नानांच्या बायकोनं ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "हाड मोडतं कशानं? पडल्यानं. पडणंच बंद झालं तर सुई कशाला टोचून घ्यायची? सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे की."

सगळ्यांना पटलं. नानांनाही पटलं. तिचं बोलणं नेहमीच पटायचं.

आता तिची बहीण तेच करायला निघाली होती, आणि त्याचसाठी त्या रविवारी सगळे जमले होते.

तिला घरात सगळे मावशीच म्हणत, नानासुद्धा. लग्न केलं नव्हतं. कारखान्याच्या वर घर आणि घराच्या वर तिची खोली, अशी ती तीस वर्षं राहिली होती. नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात झाली. त्यामुळं कुणावर रागावली तरी 'थांबा, जोडून देते' अशाच सुरात बोलायची. तिच्या इंजेक्शनची तारीख सोमवारची होती. शुक्रवारी तिनं दवाखान्यात फोन करून त्याच सुरात ती रद्द केली. दवाखान्यानं खात्री करायला म्हणून दिलेल्या दुसऱ्या नंबरवर फोन लावला. तो नंबर धाकट्याच्या औषधांच्या दुकानाचा होता. फोन सुनेनं उचलला. ती नवऱ्याला काही बोलली नाही, आधी थोरलीला कळवलं. त्यावरून नवराबायकोत शनिवारभर अबोला होता.

थोरली सकाळच्या गाडीनं आली. कारखान्यावरच्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती पाच खुर्च्या होत्या. सहावी, नानांच्या बायकोची, भिंतीला लावून ठेवली होती. तिच्यावर हिरवं कापड होतं. ते नानांनी एका हॉटेलच्या उरलेल्या तुकड्यातून बसवलं होतं, आणि त्यावर दुसरं कुणी बसत नव्हतं. खालून सरसाचा वास येत होता. जेवण कुणी नीट जेवलं नाही. संत्री सोलून ठेवलेली होती, ती तेवढी धाकट्यानं खाल्ली.

आधी थोरलीनं छापील अभ्यास काढला आणि मावशीला समजावायला घेतलं. ती चांगलं समजावते, लहानपणापासून धाकट्याची गणितं तीच घ्यायची. ती म्हणाली की कुठलाही अभ्यास हातात आला की आधी एवढं बघायचं, कुणाला काय दिलं आणि कशाशी ताडून पाहिलं. यात अर्ध्या लोकांना खरी गोळी दिली होती, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ, आत नुसती पिठी. पण सगळे जण आपापली नेहमीची औषधं घेतच होते. आईसुद्धा तेव्हा इंजेक्शन घेत होती. औषध सोडून गोळी घेतली तर काय होईल, हे त्यांनी तपासलंच नव्हतं. दुसरं म्हणजे मोजलं होतं ते पडणं. हाड मोडणं नव्हे. मोडलेली हाडं दोन्हीकडं इतकी थोडी होती की त्यावरून काही बोलता येत नव्हतं, आणि तसं आत लिहिलंही होतं, शेवटून दुसऱ्या पानावर.

"शेवटून दुसऱ्या पानावर," मावशी म्हणाली. "बरं केलंत. म्हाताऱ्या बायका तिथूनच वाचायला सुरुवात करतात."

थोरलीनं ते ऐकून घेतलं.

धाकटा म्हणाला की वर्तमानपत्रात असलं काही नव्हतं. त्यात साफ लिहिलं होतं की गोळीनं फायदा होतो. त्यानं फक्त कात्रण दुकानाच्या काचेवर लावलं होतं. आजूबाजूच्या सगळ्या दुकानांनी लावलं होतं.

"कात्रण तेवढंच लावलं असतंस तर काही नव्हतं," सून म्हणाली. "खाली मार्करनं 'मजबूत हाडांसाठी' असं कुणी लिहिलं?"

"तू माझी बायको आहेस की ताईची वकील?"

"मी काऊंटरवर बसते. लोक मला विचारतात."

मग धाकटा थोरलीवर घसरला. तिला एवढं सगळं माहीत होतं तर आईनं इंजेक्शन सोडलं तेव्हा ती कुठं होती, असं त्यानं विचारलं. थोरली म्हणाली की आईनं फोनवर सांगितलं होतं, सोडलं म्हणून. डॉक्टरांना विचारलंस का, असं तिनं विचारलं, तर आई 'हो' म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी संस्थेत पाहुणे होते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. नाना संत्र्याच्या साली एकावर एक रचत बसले. त्यांना एवढंच हवं होतं की मावशीनं उद्या जाऊन ती सुई घ्यावी. अभ्यास खरा की खोटा याचं त्यांना काही नव्हतं. पण सांगायचं कसं? ते आयुष्यभर हातानं काम केलेले. जोडीला बोलणारी बायको होती, त्यामुळं बोलायची वेळ कधी आली नव्हती.

मावशी म्हणाली, "मला एवढं पानापानांचं कळत नाही. मी दोन वर्षं ती गोळी घेतली. माझे गुडघे दुखायचे थांबले. जिना चढते, तो तुमच्यासमोरच चढते. याहून जास्त काय पाहिजे?"

हे ऐकायचीच थोरली वाट बघत होती. तिनं हातातला कागद खाली ठेवला.

"मावशी, मला हे सांगायचं नव्हतं. अभ्यास संपल्यावर कुणाला काय दिलं त्याची यादी उघडतात. आपल्या घरातल्या तिघांचे नंबर मला ठाऊक होते. मी बघितलं. आईची तेवढी खरी होती. नानांची पोकळ होती आणि तुझीही पोकळ होती. तू दोन वर्षं पिठी खाल्लीस."

नाना म्हणाले, "म्हणजे मीही?"

"तुम्हीही."

"तरीच भूक लागायची नाही."

सून हसली. धाकटाही हसला, बऱ्याच दिवसांनी. थोरलीसुद्धा थोडी सैल झाली. आता मुद्दा पटला असं तिला वाटलं असावं. गुडघे ज्या गोळीनं बरे झाले असं मावशी म्हणत होती, ती तिच्या पोटात गेलीच नव्हती.

मावशी मात्र गोंधळलेली दिसली नाही.

"तुझं काहीतरी चुकतंय, बाळ," ती म्हणाली. "माझी पोकळ आणि अक्काची खरी, असं कसं होईल? सगळ्या एकाच बरणीत तर होत्या."

"कुठल्या बरणीत?"

मावशीनं बोट दाखवलं. बरणी फळीवरच होती, साखरेच्या शेजारी. काचेची, रुंद तोंडाची, झाकण पिवळं. वरच्या बाजूला धाकट्याच्या दुकानातल्या पिवळ्या गोळ्या, आणि तळाशी थोड्या पांढऱ्या.

घरातल्या कुणालाच त्यात नवल वाटत नव्हतं, कारण त्या घरात सगळंच एका बरणीत असे. दोघी बहिणी लहान असताना त्यांच्या आजीच्या घरी दोन बरण्या होत्या. मुलग्यांच्या बरणीत आख्खी बिस्किटं, आणि मुलींच्या बरणीत त्या बिस्किटांचे तुकडे. आजी काही दुष्ट नव्हती, तिला तो हिशेब सरळ वाटायचा. नानांची बायको त्या घरातून निघाली ती ठरवूनच, की माझ्या घरात बरणी एकच. ती तसं वागलीही. खाऊ एका बरणीत, दोन्ही मुलांचे खडू एका डब्यात, पगार एका डब्यात. सर्दीची औषधंसुद्धा एकाच डब्यात, ज्याला लागतील त्यानं घ्यावीत. थोरलीला एवढीशी असल्यापासून हे माहीत होतं. तरी गोळ्यांच्या बाबतीत ते तिच्या मनात कधी आलं नाही.

संस्थेतून एक बाई तीन बाटल्या घेऊन आली, त्यांवर तीन नंबर होते. मावशीनं सांगितलं की अक्कानं त्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, यात कुणाची खरी आणि कुणाची खोटी? बाई म्हणाली, ते आम्हालाही माहीत नाही. बाई गेल्यावर अक्कानं तिन्ही बाटल्या बरणीत उपड्या केल्या आणि चमच्यानं ढवळल्या. माझ्या घरात एकाला खरी आणि दुसऱ्याला पिठी हे चालायचं नाही, म्हणाली. जे मिळेल ते तिघांना सारखं मिळू दे.

"पण दर महिन्याला बाई यायची," थोरली म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू झाला होता. "ती बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजायची."

"मोजायची ना. आदल्या दिवशी अक्का बरणीतून काढून प्रत्येकाच्या बाटलीत बरोबर तेवढ्याच भरायची. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाई म्हणायची, तुमच्यासारखं घर सगळ्या गावात नाही."

"आणि नानांच्या? त्यांनी विसरलेल्या?"

"त्या बरणीतच राहायच्या. तुझ्या ऑफिसात तुझ्या बापाला कुणी विसराळू म्हणू नये म्हणून." मावशीनं बरणीकडं पाहिलं. "त्या तळाच्या पांढऱ्या आहेत ना, त्या भाऊजींच्याच."

नानांना हे ठाऊक नव्हतं. बरणी ठाऊक होती, भरणं-मोजणंही ठाऊक होतं. आपल्या चुकलेल्या गोळ्या तिनं अशा बाजूला काढल्या होत्या हे ठाऊक नव्हतं. त्यांनी साली पुन्हा ताटलीत ढकलल्या.

थोरली उठून फळीपाशी गेली. बरणी खाली घेतली नाही, नुसती बघत उभी राहिली.

धाकटाच आधी बोलला. "म्हणजे तुमचा अभ्यास..." तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा मजा होती, लहानपणी ताईचं गणित चुकलं की असायची तशी. पण वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा चेहरा बदलला. अभ्यास कुचकामी असेल तर कात्रण कुचकामी होतं, आणि ते कात्रण आईला पहिल्यांदा नेऊन दाखवणारा तोच होता. त्यानं घाईघाईनं बाजू बदलली. नऊशे माणसं होती त्यात, तो म्हणाला, तीन माणसांनी काय बिघडतं? ताईनंच सांगावं. तिघं काढून टाकली तरी उत्तर तेच येईल.

"तिघांनी काही बिघडत नाही," थोरली म्हणाली.

"मग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण आम्ही लिहिलंय की प्रत्येकानं आपापलीच गोळी घेतली. ते आम्ही कशावरून लिहिलं? मोजणीवरून. आणि आपल्या घराची मोजणी सगळ्यांत चांगली होती." ती वळली. "आम्ही मुद्दाम नवराबायको घेतले होते. एकटी माणसं मध्येच सोडून जातात, जोडपी टिकतात. निम्म्याहून जास्त घरांत दोन-दोन बाटल्या होत्या. किती जणांनी एकत्र ओतल्या असतील, कुणी विचारलंच नाही. मला सुचलं नाही. माझ्याच आईचं घर होतं आणि मला सुचलं नाही."

सुनेनं सांगितलं की तिचे आईबाबा त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा एकमेकांच्या घेतात, ज्याची आधी सापडेल ती. धाकट्यानं तिच्याकडं असं पाहिलं की आता हिला गप्प करायला काय द्यावं.

"मग गोळी खरी आहे की खोटी?" नानांनी विचारलं.

"ते मला सांगता येत नाही, नाना. खोटी आहे असं नाही. आम्हाला कळलं असं आम्ही म्हणालो होतो, ते कळलेलं नाही. एवढंच." ती पुन्हा खुर्चीवर बसली. "उलट गोळ्या मिसळल्या असतील तर दोन गटांतला फरक पुसला जायला हवा होता. तरी फरक दिसला. म्हणजे गोळी आमच्या समजुतीपेक्षाही चांगली असेल, असंही कुणी म्हणू शकतो."

"बघ," मावशी म्हणाली.

"किंवा फरक दुसऱ्याच कशामुळे तरी दिसला असेल. आम्ही पडणं कसं मोजलं? महिन्यातून एकदा फोन करायचो. या महिन्यात पडलात का? माणूस सांगेल ते लिहायचं."

नानांचा हात ताटलीवरच थांबला.

त्यांना तो फोन आठवला. त्याच्या चार दिवस आधी बायको कारखान्याच्या जिन्यावर घसरली होती, खालच्या तीन पायऱ्या. कोपर सोलवटलं होतं. त्यांनीच औषध लावलं होतं. फोन आला तेव्हा ती हिरव्या खुर्चीत बसली होती, कोपरावर पट्टी होती, आणि हसत म्हणाली होती, "नाही हो, ठणठणीत आहे मी." फोन ठेवून नानांना म्हणाली होती, "पोरीच्या ऑफिसचं काम आहे, कशाला उगीच वाईट लिहायला लावायचं?" नानाही हसले होते. दुसऱ्यांदाही तसंच झालं होतं, अंगणात. आणि थोरलीनं आत्ताच सांगितलं की यादीत आईची गोळी खरी होती. म्हणजे ती दोन्ही 'नाही' गोळीच्या खात्यावर गेली.

सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण थोरलीचा चेहरा बघून त्यांनी ते तसंच गिळलं. एका दुपारी एका पोरीला किती द्यायचं?

सून मावशीकडं वळली. तिनं शांतपणे विचारलं, "मग मावशी, उद्या जाणार ना? आता तर ताईच म्हणतात की अभ्यासावर भिस्त नको."

मावशी बोलली तेव्हा टेलिफोनचा सूर नव्हता.

"अभ्यासाचं मला काय घेऊन बसलात?" ती म्हणाली. "मी काही तुमच्या अभ्यासावर थांबले नव्हते. अक्कानं घेतली म्हणून मी घेतली. अक्कानं सुई सोडली म्हणून मी सोडतेय. उद्या मी जाऊन गुपचूप टोचून घेतलं, म्हणजे अक्का चुकली होती असं मीच म्हटल्यासारखं होईल. ती गेली, ती उगाच गेली, असं होईल. मला ते म्हणायचं नाही."

धाकटा खाली बघू लागला. गेलेल्या माणसाला नावं ठेवायची नाहीत एवढं सगळ्यांना कळत होतं, आणि दोन महिने त्या घरात कुणी ठेवलीही नव्हती. ती किती शहाणी होती, घर कसं धरून ठेवलं होतं, हेच सगळे बोलत होते. आल्यागेल्याला नानाही तेच सांगत होते. ते खरंही होतं.

"चुकली ती," नाना म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"चुकलीच. मी दोन महिने ते तोंडातून काढलं नाही. तिला पडण्याची भीती होती, आणि पडायचं राहिलं बाजूला, हाड आधी मोडलं. डॉक्टरांनी मला फिल्म दाखवली. मी बघितलंय." त्यांना एवढं सलग बोलायची सवय नव्हती, ते थांबले, पाणी प्यायले. "चांगली बाई होती आणि चुकली. उगाचच गेली. तिला अजून दहा वर्षं जगता आलं असतं, आणि मला ती हवी होती. आता तूही त्याच चुकीनं गेलीस म्हणजे तिची चूक बरोबर ठरणार आहे का?"

मावशी रडली नाही. तिनं रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"तिच्यासमोर हे कधी बोलला असतात का?"

"नाही," नाना म्हणाले. "तिनं बोलू दिलं नसतं."

"ते खरं," मावशी म्हणाली. मग सुनेला विचारलं की दवाखाना उद्या किती वाजता उघडतो.

सोमवारी नाना तिच्याबरोबर गेले. भिंतीला लागून लोखंडी खुर्च्या होत्या, रेग्झिन फाटलेलं, आतला फोम पिवळा पडलेला. नानांचं बोट आपोआप त्या भोकात गेलं. मावशी म्हणाली, "भाऊजी, दवाखान्याची खुर्ची इथं उसवू नका." नर्सनं आधी का रद्द केलं होतं ते विचारलं, तर मावशीनं सांगितलं, लाइन चुकीची लागली होती. सुई दंडात गेली तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. परत येताना रस्ता ओलांडताना तिनं नानांचा हात धरला, आणि पलीकडं गेल्यावर सोडला.

"अक्का म्हणायची फार दुखतं," ती म्हणाली. "मला तर कधीच एवढं दुखलं नाही."

त्यालाही आता बरेच आठवडे झाले. धाकट्यानं काचेवरची मार्करची ओळ ओल्या फडक्यानं पुसली, पण कात्रण काढलं नाही. ताईच्या ऑफिसातून काही आलं की काढतो, म्हणतो. तोवर लोक काचेपाशी थांबून ते वाचतात आणि काही जण आत येतात. सून त्यांना विचारते, हाडांचं इंजेक्शन चालू आहे का, ते सोडू नका. नवरा काऊंटरवर असला तरी विचारते.

थोरलीचा दर रविवारी फोन येतो. पहिल्या रविवारी नानांनी विचारलं, सांगितलंस का? ती म्हणाली, साहेब बाहेरगावी आहेत. पुढच्या रविवारी म्हणाली, तोंडी सांगून उपयोग नाही, लिहून द्यावं लागेल, सगळ्यांची नावं आहेत त्यावर. त्यानंतर नाना विचारेनासे झाले. विचारलं असतं तर त्यांनाही ते जिन्यावरचं सांगावं लागलं असतं. दोघं हवेचं बोलतात, मावशीच्या तब्येतीचं बोलतात, आणि मग आधी कोण फोन ठेवतो याची वाट बघतात.

बरणी फळीवरच आहे. पिवळ्या गोळ्या मावशीनं काढून सुनेकडं परत दिल्या. तळाच्या पांढऱ्यांना तिनं हात लावला नाही आणि नानांनीही लावला नाही.

नानांनी जिन्यावरचं पडणं थोरलीला अजून सांगितलेलं नाही. थोरलीनं बरणीचं ऑफिसात अजून सांगितलेलं नाही.